दीर्घ आवर्तकाळाच्या धूमकेतूची कक्षा काढताना या चुका टाळा

आवर्तकाळ दोनशे वर्षांहून अधिक असलेल्या धूमकेतूंची उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे हे सांगणारा आकडा; १ पेक्षा कमी असेल तर धूमकेतू सूर्याशी बांधलेला, जास्त असेल तर मोकळा) मुळातच १ च्या अगदी जवळ असते. त्यामुळे गणितात ती १.०००१ अशी आली, की धूमकेतू दुसऱ्या ताऱ्याकडून आल्याचे जाहीर करण्याची घाई होते आणि ती बहुधा अंगाशी येते.

आधी वेळ तपासावी. सप्टेंबर २०२४ अखेरीस त्सुचिन्शान-ॲटलास हा धूमकेतू पहाटे पूर्व क्षितिजालगत दिसत होता. नाशिकहून २९ तारखेला पहाटे ५.२० वाजता घेतलेले छायाचित्र जागतिक वेळेनुसार २८ तारखेच्या २३.५० चे ठरते. साडेपाच तास वजा केले आणि तारीख मात्र तशीच ठेवली, तर नोंद पूर्ण एका दिवसाने चुकते. एखादेच स्थान इतरांपासून फटकून दिसले, तर दुर्बिणीला दोष देण्याआधी तारीख पाहावी. छायाचित्रात स्थान मोजताना धूमकेतूभोवती आखायचे मोजणीचे वर्तुळही लहान ठेवावे, नाहीतर केंद्र शेपटीच्या बाजूला सरकते. नोंदी मोजक्याच दिवसांच्या असतील, तर उत्केंद्रता सरळ १ धरावी. त्यावरून उगमाबद्दल काहीही बोलू नये.

खरी गफलत याच्या पुढे होते. संगणक देतो ती कक्षा एका विशिष्ट तारखेची, सूर्यकेंद्री आणि ग्रहांच्या ओढीने बदललेली असते. उगमासाठी धूमकेतूला गणिताने मागे, सुमारे २५० खगोलीय एककांपर्यंत (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) न्यावे लागते आणि तिथली कक्षा सूर्याभोवती नव्हे, तर सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राभोवती मोजावी लागते. यान ऊर्ट यांनी १९५० मध्ये १९ धूमकेतूंच्या अशाच मूळ कक्षांवरून सूर्यमालेभोवतीच्या धूमकेतूंच्या दूरच्या मेघाची कल्पना मांडली. बोवेल धूमकेतू (सी/१९८० ई१) बाहेर पडताना त्याची उत्केंद्रता १.०५७ झाली होती, पण ती गुरूजवळून गेल्यामुळे. येताना तो सूर्याशी बांधलेलाच होता. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेल्या बोरिसोव्ह धूमकेतूची उत्केंद्रता मात्र सुमारे ३.३६ होती, तिथे शंकेला जागाच नव्हती.

मूळ कक्षाही किंचित अपास्त (उत्केंद्रता १ पेक्षा जास्त असलेली) आली, तर आधी वायूंच्या झोतांवर संशय घ्यावा, विशेषतः धूमकेतू सूर्याच्या फार जवळून गेला असेल तेव्हा. बर्फाची वाफ होताना केंद्रकाला बसणारा धक्का निव्वळ गुरुत्वाच्या गणितात धरलेला नसतो. नोंदी पुरेशा असतील, तर उपसूर्य बिंदूपूर्वीच्या (सूर्याच्या सर्वांत जवळ पोहोचण्याआधीच्या) नोंदींची कक्षा वेगळी काढून ती आणि सर्व नोंदींची कक्षा ही दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. धूमकेतूच्या सूर्याजवळच्या आधीच्या फेरीपर्यंत मागे जायचे असेल, तर आकाशगंगेची भरती-ओहोटीसारखी ओढ आणि जवळून गेलेले तारेही गणितात घ्यावे लागतात.