नवमाध्यमांत पीएच.डी. करायची असेल तर प्रवेशापूर्वी या चुका टाळा

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या खेड्यांतून जनसंवादात एम.ए. केलेले बहुतेक विद्यार्थी सर्वांत जवळचे विद्यापीठ निवडतात. प्रवासखर्चाचा विचार केला तर हे रास्तच आहे. परंतु नवमाध्यमांच्या, म्हणजे इंटरनेट व समाजमाध्यमांच्या, संशोधनात विद्यापीठापेक्षा मार्गदर्शक कोण, यावर पुढची सारी वर्षे अवलंबून असतात. कापूस उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटांत बाजारभावाची माहिती कशी फिरते, याचा अभ्यास करू इच्छिणारी विद्यार्थिनी केवळ वृत्तपत्रांच्या आशय-विश्लेषणाची सवय असलेल्या मार्गदर्शकाकडे गेली, तर बहुधा तिचा विषयच हळूहळू वृत्तपत्रांकडे वळवला जातो. म्हणून त्या मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या विनामूल्य संकेतस्थळावर शोधावेत आणि त्यांतील संशोधनपद्धतीचे प्रकरण आवर्जून वाचावे. माझ्या मते कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा हे प्रकरण अधिक खरे सांगते.

जागा रिक्त आहे का, हेही आधीच विचारावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

दुसरी मोठी चूक म्हणजे माहिती हाती येईल, असे गृहीत धरून विषय ठरवणे. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांसाठीची माहिती मिळवण्याची मोफत सोय बंद केली आणि फेसबुकवरील मजकुराच्या अभ्यासासाठी वापरले जाणारे ‘क्राउडटँगल’ ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले. व्हॉट्सॲप गटातील संदेश तर सदस्यांच्या संमतीशिवाय वापरणे योग्यच नाही. गावातील माणसे ओळखीची असली, तरी त्यांची संमती लेखी घ्यावी आणि तिच्या नमुन्याबाबत विभाग काय मार्गदर्शन करतो, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

प्रबंधाच्या भाषेकडेही दुर्लक्ष होते. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात जनसंचाराचे अध्ययन हिंदीतून होते. वऱ्हाडी बोलीतील संदेशांवर काम करणाऱ्याने आपला प्रबंध कोणत्या भाषेत लिहायचा, हे आधी ठरवावे.

२०२४-२५ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात, मात्र जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) नसलेल्यांसाठी ते एकच वर्ष ग्राह्य असतात. दूरस्थ पद्धतीची पीएच.डी. मान्य नाही. नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ प्रवेशासाठी ते काम करत असलेल्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

प्रवेश झाल्यावर मार्गदर्शकाचा अभ्यास वेगळा असल्याचे लक्षात आले, तर विषय सोडून देऊ नये. अन्य विभागातील किंवा संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची तरतूद आहे, त्यासाठी विभागाकडे लेखी अर्ज करावा. लग्नानंतर गाव बदलल्यामुळे संशोधन सोडणाऱ्या मुली आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे की, स्थलांतर झाल्यास महिला संशोधकांना आपले संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याची मुभा यूजीसीच्या याच नियमांत दिलेली आहे, आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते.