पीसीओएस असताना दिवस राहिले तर कशी काळजी घ्यायची

कोल्हापुरात गरोदर बायकांच्या तपासणीच्या ओपीडीत मी नर्स आहे. पीसीओएस म्हणजे हार्मोन्स बिघडल्यामुळे बीज वेळेवर न सुटणं आणि पाळी अनियमित होणं. ते असलेल्या मुली दिवस राहावेत म्हणून काय काय सोसतात ते रोज बघते. आणि एकदा टेस्टमध्ये दोन रेघा उमटल्या, पेढे वाटले, की पीसीओएसची जुनी फाईल कपाटात जाते. ती फाईल पहिल्याच तपासणीला बरोबर आणा. दिवस राहिले म्हणून पीसीओएस गेलं असं होत नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ही मूळ अडचण तशीच असते, आणि गरोदरपणात वारेतून येणारी हार्मोन्स तिच्यात भर घालतात. म्हणून गरोदरपणातली शुगर आणि बीपी वाढण्याचा धोका इतर बायकांच्या साधारण तिप्पट असतो. दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचा आणि गर्भपाताचा धोकाही जास्त. तरी घाबरू नका, बहुतेकींची बाळंतपणं सुखरूप होतात. फक्त तपासण्या वेळच्या वेळी व्हायला हव्यात.

अजून दिवस राहिले नसतील तर आत्ताच शुगर, बीपी, थायरॉईड तपासून घ्या आणि फॉलिक ॲसिडची गोळी निदान महिनाभर आधी सुरू करा. चेहऱ्यावरच्या केसांसाठी किंवा कोलेस्टेरॉलसाठी काही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्पायरोनोलॅक्टोन, स्टॅटिन अशी औषधं दिवस राहण्याआधी बंद करावी लागतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, बाळंतपणाची तारीख. आपण शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजतो, कारण चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटतं असं धरलेलं असतं. पीसीओएसमध्ये ते कधी सुटेल याचा नेम नाही. समजा पाळी जूनअखेरीस आली होती आणि तपासणी सप्टेंबरअखेरीस झाली. कार्डावर लिहिलं जातं तेरा आठवडे, आणि सोनोग्राफीत बाळ दिसतं सात आठवड्यांचं. ‘बाळ वाढतच नाही’ म्हणून घरात रडारड होते. बाळ व्यवस्थित असतं, बीजच सहा आठवडे उशिरा सुटलेलं असतं. बाळाचे ठोके दिसले की ते स्पष्ट होतं. ही चूक तशीच राहिली तर पुढे बाळ उगाच ‘लहान’ ठरतं, किंवा दिवस उलटले समजून कळा आणायचं इंजेक्शन लवकर लागतं. म्हणून पहिली सोनोग्राफी चौदा आठवड्यांच्या आत करून घ्या आणि तिच्यावरून निघालेली तारीख कार्डावर ठळक लिहून मागा. नंतरच्या सोनोग्राफीत तारीख पुढेमागे दिसली तरी हीच धरायची.

शुगरची तपासणी पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून देतात, ते पाच-दहा मिनिटांत प्यायचं. उपाशी असायची गरज नाही. दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर लगेच सांगा, तपासणी परत करावी लागते. खासगीत बहुधा उपाशीपोटी बोलावून तीन वेळा रक्त घेतात, तिथे आकडे वेगळे असतात. तेव्हा एकीचा रिपोर्ट दुसरीच्या रिपोर्टाशी ताडून बघू नका.

खाण्याबद्दल आपल्याकडचा मोठा गैरसमज गुळाचा. ‘साखर नको, गूळ चालतो, आपल्याच गुऱ्हाळातला आहे’ असं सासूबाई मायेनं सांगतात. पण शुगर गुळानंही वाढते आणि उसाच्या रसानं तर झपाट्यानं. उपासाची साबुदाणा खिचडीही तशीच. संकष्टी सोडली तर देव रागावत नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, भाजी, दही, अंडी हे पोटभर खा. रस्सा खायचा तर भाताचा डोंगर नको. ‘दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ हे मनावर घेऊ नका. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चाला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर संध्याकाळी रंकाळा तलावावर सावकाश फेरी मारायला काहीच हरकत नाही.

बीपी प्रत्येक भेटीत मोजलं गेलंच पाहिजे. जिना चढून आल्या आल्या हात पुढे करू नका. पाच मिनिटं पाय जमिनीला टेकवून शांत बसा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्यात आकडा खोटाच जास्त येतो. १४०/९० किंवा त्यापुढे गेलं तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय घरी जायचं नाही. बीपीचा धोका जास्त वाटला तर डॉक्टर बाराव्या आठवड्यानंतर कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करतात. पहिल्या भेटीतच तिच्याबद्दल विचारा, सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर तिचा उपयोग जास्त. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंदही करू नका, वाढवूही नका.

डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर एकदम सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी १०८ला फोन लावा. पैशांची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांना तज्ज्ञ डॉक्टर मोफत तपासतात. आशाताईंना विचारा, त्या घेऊन जातील.

गरोदरपणात शुगर वाढली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ती पुन्हा तपासायची. बाळाच्या लसीकरणाच्या दिवशीच तुमचंही रक्त देऊन टाका, वेगळा हेलपाटा नको. आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत असं धरून चालू नका. बीज पाळीच्या आधी सुटतं. दुसरं मूल लगेच नको असेल तर दवाखान्यातून घरी जायच्या आधीच गर्भनिरोधकाचं विचारून घ्या.