रंगपंचमीसाठी काळ्या द्राक्षमण्यांचं सरबत: काय, किती आणि कधी

पंचमीला नाशकात घराबाहेर पडलेला माणूस दुपारी परत येतो तो नखशिखांत ओला आणि घसा कोरडा पडलेला. शनि चौक असो, तिवंधा असो की दिल्ली दरवाजा, रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारून आलेला गडी दारातूनच पाणी मागतो. त्याच्या हातात काय द्यायचं, हे त्या दिवशी सकाळी ठरवायला गेलात तर वेळ निघून गेलेली असते. म्हणून ही तयारी आदल्या तीन-चार दिवसांची. हिशोब साधारण पंचवीस माणसांचा, माणशी दोन ग्लास धरून.

आधी एक सांगते. वाइनचं गाव म्हणून आपण मिरवतो, पण न पिणाऱ्याच्या हातात देतो काय, तर खोक्यातला गोडमिट्ट ज्यूस. मोठ्या माणसाला नुसती गोडी पुरत नाही. आंबटपणा हवा, सालीचा तुरटपणा हवा आणि घशाला जाणवेल इतकं आलं हवं. खालच्या यादीतली निम्मी सामग्री साखरेला आवर घालायलाच आहे.

मुख्य खरेदी द्राक्षांची, आणि इथे घड विकत घेऊ नका. मार्चमध्ये हंगाम ऐन भरात असतो. माल पेटीत भरताना घडातले सुटलेले, बारके मणी कात्रीने काढून वेगळे टाकतात आणि ते घडाच्या मानाने बरेच स्वस्त मिळतात. दिंडोरी रोडला किंवा ओझर-पिंपळगावकडे महामार्गाच्या कडेला मण्यांची क्रेटं दिसतील. आपल्याला काळे, बिनबियांचे हवेत, सात किलो. क्रेट वीस किलोच्या आसपास असतं, तेव्हा शेजारी कुणी वाटेकरी बघून ठेवा. निवडताना डोळ्यांपेक्षा हात कामाला येतो. क्रेटच्या तळाशी हात घालायचा. तळवा चिकट होऊन बाहेर आला किंवा आंबूस वास आला तर पुढचं दुकान गाठायचं. "मावशी, वरून काय बघता, खालून हात घाला," असं म्हणणारा विक्रेता भेटला तर भाव फार करू नये. मण्यावरचा पांढुरका मेणचट थर बघून दचकू नका, तो मूळचाच असतो; निळसर-हिरवट सुकलेले ठिपके दिसले तर मात्र ते फवारणीचे. एक मणी खाऊन बघाच. थंडी लांबली की साखर उतरायला वेळ लागतो, आणि निफाडची थंडी कशी असते ते वेगळं सांगायला नको. माल आंबटसर निघाला तर लिंबं कमी लागतील, एवढाच फरक.

बाकीची पिशवी छोटी. पंधरा रसदार लिंबं, पाव किलोला थोडं कमी आलं, पुदिन्याच्या दोन जुड्या, काळं मीठ, जिरं, थोडे मिरे. साखर घरातली पुरते, बहुतेक वेळा लागतही नाही. साध्या सोड्याच्या पाऊण लिटरच्या सात बाटल्या आणा आणि आणल्या आणल्या फ्रीजमध्ये आडव्या टाका. कोमट सोडा ओतताच निम्मा फेस होऊन जातो. पुदिना आदल्या दिवशीच घ्या, आधी आणलेला काळा पडतो.

आता भांडी. दहा लिटरची दोन स्टीलची पातेली, मोठी चाळण, धुतलेलं मलमलचं फडकं, पावभाजीचं मॅशर, काचेच्या किंवा चांगल्या जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटल्या. तांब्याचा जग कपाटातच राहू द्या. तांबट लेनचं गाव आपलं, पाहुणे आले की ते चकचकीत भांडं बाहेर काढायचा मोह होतोच. पण द्राक्षात टार्टारिक आम्ल, वर लिंबू. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत हे सरबत ठेवलं तर धातू त्यात उतरतो, चव कडवट होते आणि पोटही बिघडू शकतं. त्यात पाणी भरून ठेवा, शोभा तेवढीच होते.

मणी धुणं हे कंटाळवाणं काम, पण टाळायचं नाही. लिटरभर पाण्याला दोन सपाट चमचे खाण्याचा सोडा, त्यात पंधरा मिनिटं मणी बुडवून ठेवायचे, मग दोन-तीन वेळा साध्या पाण्यातून काढायचे. सोडा अंगावर राहिला तर सरबताला साबणासारखी चव येते आणि रंगही जातो. धुताना वाटीभर टणक मणी बाजूला काढून पुसा आणि ताटात पसरून डीप फ्रीजरमध्ये टाका. बर्फासोबत हेही ग्लासात घालायचे आहेत, म्हणजे बर्फ कमी लागतो आणि सरबत पाणचट होत नाही.

उकळायचं आदल्या संध्याकाळी. मणी दोन पातेल्यांत निम्मे निम्मे, प्रत्येकात दोन पेले पाणी, ठेचलेलं आलं, मंद आच. दहा-बारा मिनिटांत साली तडकायला लागतात. रंग सालीतच असतो, गरात नाही, म्हणून कच्चे मणी मिक्सरमध्ये फिरवून गाळले की फिकट, गढूळ काहीतरी हाती येतं. साली तडकल्या की मॅशरने हलकेच दाबा, आणखी पाच मिनिटं ठेवा, गॅस बंद. कोमट झालं की फडक्यातून गाळा, पण फडकं पिळून पिळून शेवटचा थेंब काढू नका. त्या शेवटच्या अर्ध्या पेल्यात सगळा कडवटपणा असतो. सात किलोचा पाच लिटरच्या आसपास दाट रस निघतो.

उकळण्याचं दुसरंही कारण आहे. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट मुळातच असतं. कच्चा रस मार्चच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिला तर सकाळपर्यंत त्याची वाटचाल वाइनच्या दिशेने सुरू झालेली असते. उष्णतेने यीस्ट मरतं. १८६९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने चर्चच्या विधीसाठी बिनदारूचा द्राक्षरस केला तो याच युक्तीने, बाटलीतला रस तापवून. तेव्हा उकळा, उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटल्यांत भरा, निवला की लगेच फ्रीजमध्ये. झाकण उघडताना फुस्स आवाज आला किंवा बुडबुडे दिसले तर ती बाटली मोरीत ओता, चव घेत बसू नका. सकाळी तळाशी बारीक कणी दिसेल, ती काच नव्हे. गार झाल्यावर द्राक्षातलाच क्षार खाली बसतो. वरचा रस अलगद ओतून घ्यायचा.

त्याच रात्री जिरं आणि मिरे भाजून कुटून ठेवा, बर्फाचे ट्रे भरा, आणि पिण्याचं पाणीही, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघरासमोर रांग असणार. कमी पडला म्हणून कुठूनही लादीचा बर्फ फोडून आणू नका. तो मासळी गार ठेवायलाही वापरतात, पिण्यात टाकायचा नव्हे.

पंचमीला सकाळी लिंबं पिळून रस गाळून ठेवा, पुदिना निवडून ओल्या फडक्यात गुंडाळा. कालवायचं मंडळी दारात आल्यावरच. जगमध्ये एक भाग दाट रस, लिटर रसाला तीन लिंबं, सपाट चमचा काळं मीठ, अर्धा चमचा जिरं, चिमूटभर मिरे, हाताने चुरगळलेला पुदिना. ढवळा, चाखा, आणि मगच एक भाग सोडा कडेने ओता. सोडा नको असेल त्यांना गार पाणी. बोअरचं जड पाणी घातलं तर रंग निळसर जांभळा पडतो. वर लिंबू पिळलं की ग्लासातच डोळ्यांदेखत लालचुटुक होतो. मुलांना हे करायला द्या, पाच मिनिटं तरी एका जागी राहतील. मात्र पाच वर्षांखालच्या मुलांच्या ग्लासात गोठलेले अख्खे मणी टाकू नका, घशात अडकतात. उभे चिरून, मऊ झाल्यावर द्या.

घरात मधुमेही असतील तर त्यांना आधीच सांगा. वरून साखर घातली नसली तरी एका ग्लासात चारेक चमचे साखर द्राक्षाचीच जाते. त्यांच्यासाठी वेगळा जग: पाव भाग रस, बाकी सोडा, लिंबू आणि आलं जास्त. आमच्याकडे तोच जग आधी रिकामा होतो, म्हणून तोच थोडा मोठा घ्या.

उरलेला रस फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतो. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा. चोथा कुंड्यांना घालायचा असेल तर मातीत पुरा, वर पसरलात तर दुसऱ्या दिवशी चिलटं घरभर होतात.