पॅथोफिजिओलॉजीसाठी अभ्यासाचे साहित्य कसे निवडावे

नर्सिंगला पॅथोफिजिओलॉजी (आजारात शरीराचे काम कसे बिघडते याचा अभ्यास) सुरू झाली की साहित्याचा ढीग जमायला वेळ लागत नाही. जाडजूड पाठ्यपुस्तक, सीनियरच्या नोट्स, व्हिडिओंची लांबलचक यादी, फोनमध्ये दोन-तीन ॲप. सगळे थोडे थोडे चाळून होते आणि परीक्षेत नेमके ‘असे का होते?’ या प्रश्नावर पेन थांबते. म्हणून साहित्य घेण्याआधी एकच गोष्ट तपासा. बिघाडापासून लक्षणापर्यंतची कारणांची साखळी ते उलगडून दाखवते का, आणि ती तुमच्याकडून वदवून घेते का?

१. आधी अडते कुठे ते पाहा

बऱ्याच जणांचे अडते ते फिजिओलॉजीत, म्हणजे निरोगी शरीर कसे चालते यात. निरोगी मूत्रपिंड सोडियम आणि पाणी कसे राखते हेच डोक्यात स्पष्ट नसेल, तर मूत्रपिंड निकामी झाल्यावर सूज का येते हे कोणतेही पुस्तक समजावू शकणार नाही. नवा धडा उघडण्याआधी त्या अवयवाचे नेहमीचे काम चार-पाच ओळींत लिहून बघा. जमले नाही, तर नवी खरेदी थांबवा आणि पहिल्या वर्षाचे पुस्तक पुन्हा काढा.

२. मुख्य पुस्तक एकच, पण पारखून

ग्रंथालयात दोन-तीन पुस्तके समोर ठेवा आणि प्रत्येकात एकच आजार वाचा. हृदयाच्या डाव्या बाजूचे फेल्युअर यासाठी उत्तम. कमकुवत पुस्तक लक्षणांची यादी देते: धाप, खोकला, थकवा, आडवे झाल्यावर वाढणारा त्रास. चांगले पुस्तक सांगते की डावा व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा डावा कप्पा) पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नाही, त्यामुळे रक्त मागे फुप्फुसांत तुंबते, तिथल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि द्रव वायुकोशांकडे झिरपतो. रुग्ण आडवा झाला की पायांकडचे रक्त हृदयाकडे जास्त परत येते, म्हणून धाप वाढते. दुसरीकडे मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचते. मग रेनिन, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही मीठ-पाण्याचे नियंत्रण करणारी रसायने कामाला लागतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवते आणि हृदयावरचा भार आणखी वाढतो.

एवढे कळले की रुग्णाला उशा देऊन बसते का करतात, रोज वजन का घेतात, लघवी वाढवणारे औषध का देतात, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. नर्सिंगच्या विद्यार्थ्याला हा शेवटचा दुवाच सर्वांत जास्त हवा असतो. तो जोडून देणारे पुस्तक थोडे जाड असले तरी तेच घ्या.

३. व्हिडिओ आणि आकृत्या

हालचाल असलेल्या विषयांसाठी व्हिडिओ घ्या: हृदयाच्या झडपा, नेफ्रॉन (मूत्रपिंडातली सूक्ष्म गाळणी), सूज येताना केशवाहिन्यांच्या भिंतीत होणारे बदल. लहान भाग असलेले निवडा. एक भाग संपला की स्क्रीन बंद करून कोऱ्या कागदावर बाणांची आकृती काढा. नुसते बघत राहिले की सगळे समजल्यासारखे वाटते, आणि या विषयात तो भास फार महागात पडतो. तयार रंगीत तक्ते ताडून बघायला ठीक आहेत. शिकायला मात्र स्वतःची वेडीवाकडी आकृतीच उपयोगी.

४. फ्लॅशकार्ड

२०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांवर विभागणे या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. ओळी रंगवणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे तळाशी गेले. त्यामुळे उजळणीच्या तारखा स्वतः ठरवणारे अँकीसारखे ॲप किंवा कागदी कार्डांचा डबा, काहीतरी एक हवेच.

तयार संच घेताना पाच-सहा कार्डे वाचून पाहा. ‘डायबेटिक किटोॲसिडोसिसची लक्षणे सांगा’ (मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होण्याची ही अवस्था) हे कार्ड तुम्हाला यादीच पाठ करायला लावते. ‘या रुग्णाचा श्वास खोल आणि जलद का होतो?’ हे कार्ड विचार करायला लावते: रक्त आम्लधर्मी झाले, म्हणून फुप्फुसे जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. त्याहून चांगला प्रश्न: ‘इन्सुलिन सुरू केल्यावर पोटॅशियमवर लक्ष का ठेवायचे?’ कारण इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते. आधी रक्तातली पातळी नॉर्मल किंवा जास्त दिसत असली तरी शरीरातला एकूण साठा लघवीवाटे घटलेला असतो, आणि पातळी धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. असे प्रश्न संचात नसतील तर स्वतः लिहा. लिहितानाच निम्मा अभ्यास होतो.

५. प्रश्नसंच

उत्तराच्या अक्षरावर थांबणारा संच घेऊ नका. बरोबर पर्याय का बरोबर आणि उरलेले का चूक, हे दोन्ही समजावणारा घ्या. छोटी केस देऊन ‘आता आधी काय कराल?’ असे विचारणारे प्रश्न त्यात हवेत.

६. आवृत्तीचे वर्ष बघा

वारशाने आलेल्या नोट्समध्ये इथे घोळ होतो. सेप्सिसची व्याख्या २०१६ मध्ये बदलली. आता संसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयवांचे काम बिघडण्यावर भर आहे. रक्तदाबाचे आकडेही सगळीकडे सारखे नाहीत: २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी १३०/८० पासून उच्च रक्तदाब धरला, तर इतर अनेक ठिकाणी १४०/९० हीच सीमा आहे. पुस्तक आणि तुमचे शिक्षक वेगळे सांगत असतील तर वर्गातच विचारा आणि परीक्षेसाठी कोणता आकडा धरायचा ते लिहून ठेवा. चॅटबॉटकडून घेतलेला सारांशही पुस्तकाशी ताडल्याशिवाय वहीत उतरवू नका.

निवडलेले साहित्य एका धड्यापुरते वापरा. मग सगळे मिटून त्या धड्यातला एक आजार वर्गमित्राला कारणांसह सांगा. जिथे ‘म्हणजे... तसे होते’ असे अडखळाल, तो दुवा पुस्तकात शोधून त्याचे कार्ड करा. एकाच ॲपमुळे किंवा संचामुळे दोन-तीन धडे सलग असे अडखळणे होत असेल, तर ते साहित्य बदला.