मुरूम दाबल्यावर किती फुटला ते कसं मोजायचं

इंदूरजवळच्या राऊच्या पुढे एका साईटवरच्या मुरमाचा प्रॉक्टर रिझल्ट (माल कुटून किती घट्ट बसतो ते बघायची टेस्ट) हातात आला होता, कागदावर एकदम झकास, पण रोलर फिरल्यावर खालून जे सॅम्पल उचललं ते बघून मी म्हटलं भिया हा तोच मुरूम आहे का, खडे गायब आणि सगळं पीठ. लबाडी कोणाचीच नव्हती. लॅबमधल्या पोरानं एकच सॅम्पल पाच वेळा कुटलं होतं, दर वेळी थोडं पाणी वाढवून, जसं आपण सगळेच करतो. हेवी प्रॉक्टरला, म्हणजे जड ठोक्याच्या टेस्टला, ४.९ किलोचा रॅमर (हातोडा) ४५ सेंमीवरून पडतो, पाच थर, थराला २५ ठोके, म्हणजे एका मोल्डला (साच्याला) १२५. तोच माल पाचदा वापरला की ६२५. पहिल्या पॉइंटचा, म्हणजे पहिल्या वेळी कुटलेला मुरूम आणि पाचव्या पॉइंटचा मुरूम हे दोन वेगळे माल झाले आणि आपण त्यांना पाणी आणि घनतेच्या एकाच कर्व्हवर जोडून मोकळे. माती तपासायच्या भारतीय मानकात, आयएस २७२० च्या भाग ७ आणि ८ मध्ये साफ लिहिलंय की कुटताना फुटणारी माती असेल तर प्रत्येक पॉइंटला ताजं सॅम्पल घ्या, पण ते पान कोण वाचतं.

तर आधी ठरवा की तुमचा माल फुटणारा आहे का. आपल्या इंदूरकडे खाली सगळा काळा दगड, दख्खनचा बेसाल्ट, आणि मुरूम म्हणजे तोच दगड झिजून कुजून झालेला. ओला खडा दोन बोटांत दाबला आणि तुटला तर पुढचं वाचा. नर्मदेची रेती एवढी सहज फुटत नाही, तिच्यासाठी सहसा एवढा खटाटोप करावा लागत नाही.

सॅम्पल घ्या, क्वार्टरिंग करून (ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे एकत्र करायचे) दोन सारखे भाग काढा, एक कुटायला, एक तसाच ठेवायला. ओव्हनमध्ये १०५ ते ११० डिग्रीला वाळवा. मग चाळणीआधी ७५ मायक्रॉनवर धुवा, हे टाळू नका, कारण मोठ्या खड्याला चिकटलेली धूळ खड्याच्याच वजनात मोजली जाते आणि माल फुटूनही फुटला नाही असं दिसतं. धुतलेलं पुन्हा वाळवून चाळण्यांचा सेट लावा, ४.७५ मिमीपासून ७५ मायक्रॉनपर्यंत, आणि धुण्यात वाहून गेलेलं जे वजन कमी आलं ते तळाच्या पॅनमध्ये मिळवा.

अजून एक, चाळणी स्वतः पण माल फोडते! शेकरवर (चाळण्या हलवणारं मशीन) दहा मिनिटं खडखडाट झाला की कुजका मुरूम आपोआप झडतो. म्हणून न कुटलेला भाग दोनदा चाळा, आणि दुसऱ्या वेळी जेवढा फरक दिसेल तेवढा तुमच्या लोडचा नाही, चाळणीचा. हे कोणी करत नाही, मी पण चार वर्षांपूर्वीपर्यंत करत नव्हतो.

आता लोड. प्रॉक्टरनं कुटायचं असेल तर कुटा, पण दाबाचा आकडा हवा असेल तर गिट्टीच्या क्रशिंग व्हॅल्यूचा, म्हणजे गिट्टी दाबाखाली किती चुरते ते बघायच्या टेस्टचा, १५ सेंमीचा स्टीलचा सिलिंडर आणि प्लंजर वापरा. त्या टेस्टमध्ये दहा मिनिटांत ४०० केएन (किलोन्यूटन) म्हणजे ४० टन चढवतात, हिशोब केला तर दाब साधारण २२ एमपीए (मेगापास्कल) येतो. ट्रकच्या टायरखाली एक एमपीएसुद्धा नसतो, त्यामुळे मुरमाला सरळ ४० टन लावून निकाल सांगणं म्हणजे मच्छर मारायला तोफ. एक एमपीएला त्या सिलिंडरवर १८ केएन लागतात, आणि २००० केएनच्या सीटीएमवर (काँक्रीटचे ठोकळे दाबायचं मशीन) १८ केएन वाचायला काट्याचा काही भरवसा नाही, म्हणून सीबीआरच्या (रस्त्याखालच्या मातीची ताकद मोजायची टेस्ट) ५० केएन फ्रेमवर लावा, अडीच एमपीएपर्यंत आरामात जाता येतं. हळूहळू चढवा आणि कान द्या, कटकट ऐकू येते. आधी कोपरे झडतात, मग खडे मधून फाटतात.

कुटून किंवा दाबून झालं की पुन्हा धुवा, वाळवा, चाळा. हिशोबासाठी मनानं आकडे धरू, टक्क्यांत, वरून खाली ४.७५, २.३६, १.१८ मिमी, मग ६००, ३००, १५०, ७५ मायक्रॉन आणि पॅन. आधी राहिले २०, २५, २०, १५, १०, ६, ३, १. नंतर १३, २१, २०, १७, १३, ८, ५, ३. आता ज्या चाळणीवर माल कमी झाला तेवढेच फरक जोडा, ७ आणि ४, झाले ११. हा मार्सल नावाच्या इंजिनियरचा ब्रेकेज इंडेक्स (माल किती फुटला त्याचा आकडा), ११ टक्के, मेक्सिकोच्या धरणांच्या दगडी भरावावर काम करताना त्यानं १९६७ मध्ये मांडला, आणि साईटवर समजवायला याहून सोपं काही नाही. वाढलेले फरक जोडूनही ११ च यायला हवेत, नाही आले तर कुठेतरी माल सांडलाय.

पण ११ ऐकून "एवढंच ना" म्हणू नका. त्याच आकड्यांत डी-१० बघा, म्हणजे ज्या मापाखाली १० टक्के माल जातो ते माप. आधी ०.३० मिमी, नंतर लॉग स्केलवर काढलं तर ०.१८ च्या आसपास. पाणी झिरपायची ताकद हेझनच्या सूत्रात डी-१० च्या वर्गावर चालते, म्हणजे ती जवळपास एक-तृतीयांशावर आली. फुटणारा माल ड्रेनेजच्या थरात घातला की थर वरून तसाच दिसतो आणि पाणी आत तुंबतं. लेडनं १९९६ मध्ये याचाच इंडेक्स केला, नंतरचा डी-१० भागिले आधीचा आणि ते एकातून वजा, इथे येतो ०.४. हार्डिनचा १९८५ चा रिलेटिव्ह ब्रेकेज पण आहे, त्यात चाळणीच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन कर्व्हमधलं क्षेत्रफळ मोजतात आणि सगळा माल फुटून सिल्ट (गाळासारखा बारीक) झाला असता तर किती झालं असतं त्यानं भागतात. पेपर लिहायचा असेल तर तो घ्या, ठेकेदाराला समजवायचं असेल तर मार्सल.

फुटणं कमी करायचं असेल तर एकाच मापाचे खडे टाळा. मोठ्या खड्याभोवती बारीक माल भरलेला असला की लोड पुष्कळ जागी वाटला जातो आणि तो खडा तग धरतो, नुसते मोठेमोठे ठेवले तर दोन-चार टोकांवरच सगळा भार येतो, वर मोठ्या खड्यात भेगाही जास्त असतात. टोकदार माल गोल मालापेक्षा लवकर फुटतो. आणि कुजका मुरूम भिजला की अजून नरम पडतो, म्हणून एक सॅम्पल सुकं आणि एक रात्रभर भिजवून असं दोन्ही करून बघा.

साईटवरचं सॅम्पल घेताना वरचा एक इंच बाजूला काढा, तिथे रोलरचा ड्रम घासून पीठ झालेलं असतं, ते पूर्ण थराचं नाही. वरचं वेगळ्या पिशवीत भरा, खालचं वेगळ्या, पासेसचा (रोलरच्या फेऱ्यांचा) आकडा पिशवीवर मार्करनं लिहा, चिठ्ठी आत टाकू नका, ओल्या मुरमात तिचा लगदा होतो.