वाचनालयातला जिओकॅशिंगचा खेळ: या चुका टाळा

सोलापुरात टप्प्याटप्प्यांचा जिओकॅशिंगचा खेळ मांडायला वाचनालयासारखी जागा नाही. सावली आहे, पिण्याचं पाणी आहे, आणि कपाटाकपाटांत हवे तेवढे आकडे आयते भरून ठेवलेले आहेत. मे महिन्याच्या दुपारी लोकांना किल्ल्याच्या तटाभोवती पळवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. तरीही असे खेळ अडकतात, आणि बहुतेक वेळा कोडं अवघड होतं म्हणून नाही, तर ज्या पुस्तकात आकडा होता ते पुस्तक कुणीतरी वाचायला घरी नेलेलं असतं म्हणून.

नव्यांसाठी थोडक्यात: जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आधाराने लपवलेला डबा शोधायचा खेळ. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली, आणि ३ मेला ओरेगॉन राज्यात पहिला डबा लपवला गेला. तेव्हापासून हा खेळ जगभर चालतो. बहुटप्पा प्रकारात एका जागेवरच्या आकड्यांवरून दुसरीचे अक्षांश-रेखांश मिळतात आणि शेवटी डबा, डब्यात सही करायची वही. अशा डब्याला, त्याच्या सगळ्या टप्प्यांसकट, ‘कॅश’ म्हणतात.

पुस्तकावर नाही, न हलणाऱ्या वस्तूवर कोडं बांधा

देवघेवीतली कथा-कादंबरी टप्पा म्हणून कधीही घेऊ नये. ती बाहेर जाते, बांधणीला जाते, फाटली की बादही होते. संदर्भ विभागातले कोश, गॅझेटिअर घरी देत नाहीत, म्हणून ते त्यातल्या त्यात भरवशाचे. तिथेही आवृत्ती सांगितलीच पाहिजे. १८८४ सालचं सोलापूरचं गॅझेटिअर आणि नंतरची सुधारित आवृत्ती यांची पानं जुळायची नाहीत. शिवाय प्रस्तावनेच्या पानांचे आकडे वेगळे चालतात, त्यामुळे नुसतं ‘पान १२’ म्हटलं की एक जण प्रस्तावनेत जातो आणि दुसरा मजकुरात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, टप्पा म्हणून घेणाऱ्यांनी आधी दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघावीत. आपल्याकडच्या पुस्तकांचा तेरा आकडी क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो, म्हणजे पहिल्या पाच आकड्यांत कोडं करण्यासारखं काही उरतच नाही. आणि जुन्या पुस्तकांवर हा क्रमांक नसतोच.

सगळ्यांत टिकाऊ म्हणजे भिंत. कोनशिला, संस्थापकांच्या तसबिरीखालची पाटी, देणगीदारांचा फलक. फलकावरची एकूण नावं मात्र मोजायला लावू नका, पुढच्या वर्षी खाली दोन नावं वाढतात. ‘वरून सातव्या नावाची देणगी’ विचारा.

हे एक आहे की नऊ?

कपाटासमोर उकिडवा बसलेला आठवीतला पोरगा पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी बोटाने पुसतो आणि वहीत आकडा लिहायच्या आधी थांबतो. दाखल क्रमांक शाईने, देवनागरीत, कुण्या जुन्या लेखनिकाच्या हातचा. त्यातला १ आणि ९ आईच्या पोटातून जुळे आल्यासारखे, आणि उरलेली चिठ्ठी कसरीने खाल्लेली. असा आकडा खेळात ठेवायचाच असेल तर तो कुठल्या स्थानी पडतो ते पाहा. अक्षांशाच्या मिनिटांतलं तिसरं दशांशस्थान एकाने चुकलं तर फरक दोन मीटरसुद्धा नाही. पहिल्या स्थानी एकाचा नऊ झाला तर माणूस दीड किलोमीटर लांब जातो. शंकेचा आकडा शेवटच्या स्थानी, खात्रीचा पहिल्या. एवढं पाळलं तरी निम्म्या तक्रारी येत नाहीत.

जुन्या पुस्तकांवरचं आणि कोनशिलांवरचं शके साल हा माझा सर्वांत आवडता टप्पा, आणि सर्वांत घातकही. लोक ७८ मिळवतात आणि मोकळे होतात. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ते बरोबर. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. सोलापूरचंच घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. तेव्हा शके १८५२ चालू होतं. त्यात ७८ मिळवले तर येतात १९३०, आणि १९३० हे सोलापुरातल्या मार्शल लॉचं साल. म्हणजे चुकीचं उत्तर इतकं ओळखीचं निघतं की ते कुणी तपासत नाही! असा सापळा मुद्दाम लावायचा असेल तर लावा, पण महिना वाचता येईल अशा ठिकाणी असला पाहिजे. तो नसेल तर ते कोडं राहत नाही, नुसता छापा-काटा होतो.

कानडी आणि तेलुगू कपाटं असलेल्या वाचनालयात त्या लिपीतले आकडे जरूर घ्या. एखाद्या गटाला शहराच्या तेलुगू भाषक पूर्व भागातल्या कुणाची तरी आजी गाठावी लागते, आणि मजा तिथेच येते. फक्त लिपी कोणती ते सांगा, कारण या दोन्हींतले बरेच आकडे दिसायला सारखेच.

“उत्तर समुद्रात जातंय”

असा फोन आला की अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालेली असते. सोलापूर साधारण उत्तर १७ अंश ३९ मिनिटे, पूर्व ७५ अंश ५४ मिनिटे. उलटं टाकलं की नकाशा नॉर्वेच्या उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात नेतो. उन्हाळ्यात वाईट नाही, पण डबा तिथे नाही.

उत्तर सातशे मीटरने हुकलं तर मिनिटांच्या दशांशाला सेकंद समजलं गेलंय का ते बघा. या खेळात १७ अंश ३९.५८२ मिनिटे असं लिहितात. ते ३९ मिनिटे ५८.२ सेकंद नव्हे. नुसत्या अंशांत हवं असेल तर ३९.५८२ ला ६० ने भागा आणि त्यात १७ मिळवा, १७.६५९७ येईल. अंश आणि पूर्ण मिनिटं कोड्यातून काढायला लावूच नयेत. शेवटचे तीन-तीन आकडे शोधायला पुरेसे आहेत. सोबत सहाही आकड्यांची बेरीज देऊन ठेवा, म्हणजे उन्हात बाहेर पडण्याआधी ताळा जुळवता येतो.

छताखाली जीपीएसवर विसंबू नका. जाड भिंतींच्या इमारतीत फोन पन्नास मीटरही भरकटतो. अक्षांश-रेखांश फाटकापर्यंत आणायला वापरा, आत कपाट आणि पाटी यांनीच वाट दाखवावी.

माणसं

ग्रंथपालांची परवानगी घेतली म्हणजे झालं, असं नाही. संध्याकाळच्या पाळीला काउंटरवर दुसरंच कुणी असतं, आणि आठ अनोळखी माणसं एकाच कपाटाशी कुजबुजताना दिसली की ते हटकणारच. हटकावंच. शिपायापासून सगळ्यांना माहिती द्या आणि एक छापील चिठ्ठी काउंटरवर ठेवा. वर्तमानपत्रांच्या दालनात कुणीही बसू शकतो, पण पुस्तकांच्या कपाटांपर्यंत बऱ्याच ठिकाणी सभासदांनाच सोडतात. बाहेरगावचा खेळाडू तिथेच अडकेल, तेव्हा एक तरी पर्यायी सुगावा फाटकाबाहेर असू द्या.

एक गोष्ट मात्र कोड्यात घेऊच नका. काही वाचनालयं प्रत्येक पुस्तकाच्या एका ठरलेल्या आतल्या पानावर शिक्का मारतात. चोरीला गेलेलं पुस्तक ओळखायची ती खूण आहे. तुम्हाला ती सापडली असेल तर हुशार आहात, पण गप्प बसा.

शेवटचा डबा

वाचनालयात ठेवायचा तर काउंटरमागे, मागितल्यावर मिळेल असा. बाहेर ठेवायचा तर पारदर्शक डबा, वर मराठीत ‘हा खेळाचा डबा आहे’ आणि संपर्क. बेवारस दिसणारा डबा म्हणजे पोलिसांना फोन, आणि तो करणाऱ्याचं काही चुकत नाही. खाऊ ठेवू नये असा खेळाचा नियमच आहे. शेंगाचटणीची पुडी कितीही आपुलकीने ठेवलीत तरी पहिली सही मुंग्यांची होते. जमिनीत पुरायचा नाही. किल्ल्याच्या दगडांत तर कोंबायचाच नाही, ते संरक्षित स्मारक आहे. कोड्याच्या कॅशचा अंतिम डबा जाहीर केलेल्या जागेपासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत लागतो.

सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला डबा ठेवला असेल तर जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, कॅश तात्पुरती बंद करा. खेळाच्या संकेतस्थळावर तशी सोय आहे. त्या गर्दीत गुपचूप डबा काढणं शक्य नाही, आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेत फोनकडे बघत चालणारा माणूस कुणालाच नको असतो.