मासा आजारी पडण्याआधीच्या महिन्यात

गुरुवारी बऱ्याचदा नळाला पाणी नसतं, ही गोष्ट पुण्यात कुणाला वेगळी सांगावी लागत नाही. मासा मात्र आजारी पडतो तो नेमका बुधवारी रात्री. आणि समुद्री मासा आजारी पडला की औषधासाठी त्याला वेगळ्या, हॉस्पिटल टँकमध्ये हलवावं लागतं, तो आधीच तयार हवा. म्हणून आधी पाणी. आरओचं साठेक लिटर पाणी झाकणाच्या दोन पिंपांत कायम भरलेलं हवं. स्वयंपाकघरातलाच आरओ वापरणार असाल तर तो आधी नीट वाचून बघा. हल्ली बरेच प्युरिफायर पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात. आमच्या सासूबाई रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी पितात आणि ठणठणीत आहेत, पण कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना तेच तांबं विष आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी या कामाला घेऊच नका.

मीठ मरीन टँकचंच, लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम. लहान पंप लावून रात्रभर फिरवायचं आणि सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) मुख्य टँकशी जुळवायचं. माझ्याकडे तो आकडा 1.025 आहे.

हॉस्पिटल टँक दोन फुटी पुरतो. 24 बाय 12 इंचाच्या टँकमध्ये दहा इंच पाणी म्हणजे सुमारे 47 लिटर. हा हिशेब कागदावर ठेवू नका. पहिल्यांदा भरताना लिटरच्या मापाने मोजून ओता आणि काचेवर मार्करने रेघ मारा. पुढे औषधाचा प्रत्येक थेंब त्या रेघेवर ठरतो. पाणी उडून रेघेखाली गेलं की साधं आरओ पाणी घालायचं, खारं नाही. तळाला वाळू नको, दगड नको. लपायला पीव्हीसीचे दोन इंची एल्बो चार-पाच टाका. बोहरी आळीत हवे तेवढे मिळतात, फक्त साबण न लावता धुवा. वर जाळी हवीच, घाबरलेला मासा उडी मारतो.

सगळ्यात जास्त वेळ लागतो तो स्पंज फिल्टरला, आणि बहुतेकांचं इथेच फसतं. नवाकोरा स्पंज मासा सोडतो तो विषारी अमोनिया खात नाही, खातात त्याच्यात वस्तीला आलेले जिवाणू, आणि त्यांना तीन-चार आठवडे लागतात. म्हणून एक जादा स्पंज आजपासूनच मुख्य टँकच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरच्या जोडटाकीत, पडून राहू दे. मी पहिल्या वेळी हे केलं नव्हतं. जिवाणू मिळावेत म्हणून लाइव्ह रॉकचा (मुख्य टँकमधला, जिवाणू वसलेला दगड) मुठीएवढा तुकडा हॉस्पिटल टँकमध्ये टाकला. सकाळी कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, भरायचं, संध्याकाळी आकडा खाली. मी दुकानदाराला शिव्या देत होते, औषध पाणचट दिलं म्हणून. तांबं पीत होता तो दगड. चौथ्या दिवशी माझा टँग मासा गेला.

औषधांच्या कप्प्यात कॉपर, प्राझिक्वांटेल, फॉर्मालिन आणि हातमोजे ठेवा. फॉर्मालिनची बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी नको, आणि उघडायची ती गॅलरीत. पण बाटली उघडण्याआधी मासा बघा. मिठाचे खडे चिकटल्यासारखे मोजता येणारे ठिपके असतील तर इक हा परजीवी. पिठी भुरभुरल्यासारखा थर, धापा, आणि पंपाच्या झोतात तोंड खुपसून उभा असलेला मासा म्हणजे व्हेल्वेट, हाही परजीवीच, तिथे उद्यावर ढकलू नका. क्लाउनफिशच्या अंगावरून शेंबडासारखी साल सुटत असेल तर ब्रूकलिनेला हा तिसरा परजीवी. इक आणि व्हेल्वेटला चालणारं कॉपर त्याला उपयोगाचं नाही, फॉर्मालिन लागतं. प्राझिक्वांटेल फ्लूकसाठी, म्हणजे माशाला चिकटणाऱ्या चपट्या जंतांसाठी.

कॉपर कुठलं घेतलंत हे बाटलीवर ठळक लिहा. चिलेटेड (दुसऱ्या रसायनात बांधलेलं तांबं) असेल तर 2 ते 2.5 पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम, आणि क्युप्रामीनसारखं, आयॉनिक म्हणून विकलं जाणारं असेल तर 0.5 च्या आसपास. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर मासा आजाराने नाही, उपचाराने मरतो. दोन दिवसांत हळूहळू चढवायचं आणि मग 30 दिवस तिथेच धरायचं, कारण औषध मारतं ते पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना. माशाच्या कातडीखालचा आणि कोषातला जीव त्याला सापडत नाही. तांबं मोजायला रंग जुळवायच्या किटवर माझा भरवसा उरलेला नाही, डिजिटल मीटरच घ्या. फिल्टरमधला कार्बन (कोळसा) काढून ठेवा, यूव्ही दिवा आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद.

अमोनियाचं किट रोज लागेल. अमोनिया चढला की तो मारणारं द्रव ओतायचा मोह होतो. त्यातली काही द्रवं तांब्याला जास्त विषारी करतात. त्यापेक्षा दहा लिटर काढा, दहा घाला, मात्र घालायच्या पाण्यात आधीच तेवढ्याच ताकदीचं कॉपर मिसळलेलं हवं.

हीटर 100 वॅटचा, टँक 26 अंशांवर. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची रात्र दहा अंशांपर्यंत उतरते. बॅटरीवर चालणारा एअर पंप चार्ज करून ठेवा, वीज सांगून जात नाही.

हॉस्पिटलची बादली, जाळी, मग वेगळे. मी बादलीवर पाटीच लावली आहे: ‘ही बादली फरशी पुसायला नाही. मुख्य टँकलाही नाही. विचारू नये.’ तरीही एकदा कपडे भिजवलेले सापडले.

इक असेल तर मुख्य टँकमध्ये 76 दिवस एकही मासा नको, कोरल आणि कोळंबी राहू देत. इकचे कोष 72 दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. तेवढ्यात घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, मासे कुठे गेले.

उपचार संपल्यावर स्पंज परत संपमध्ये टाकू नका, त्यात तांबं मुरलेलं असतं. मी तो फेकून देते आणि त्याच संध्याकाळी नवा संपमध्ये सोडते.